सँट्रोचे सोळा नट: प्रकल्प नोंदी

गाडी: सँट्रो झिंग, २००८. लोखंडी रिम १३ इंची, टायर १५५/७० आर १३, चाकाला चार स्टड (नट ज्यावर चढतो ते बोल्ट). स्टड एम १२ × १.५, म्हणजे १२ मिलिमीटर जाड, दोन आट्यांत १.५ मिलिमीटर अंतर. नटाला २१ चा पाना. आवळायचं माप ९० ते ११० न्यूटन-मीटर (पुढे 'एनएम'). मधला १०० चा आकडा धरला.

काम: चारही चाकं उतरवून, साफ करून, सोळा नट मापात आवळणे. अंदाज होता एका सकाळचा.

शनिवार, ८ नोव्हेंबर २०२५

तक्रारी दोन. साठच्या आसपास ब्रेक दाबला की पेडलला थरथर. आणि पावसाळ्यात मागच्या डाव्या चाकाचं पंक्चर काढल्यापासून त्या बाजूने, गाडी हळू वळवताना, 'टक्' असा एकच आवाज.

आज फक्त नट सैल होतात का ते पाहिलं. गाडी जमिनीवर, हँडब्रेक ओढलेला, पहिला गिअर. जॅक लावून मग नट सोडवायला जाऊ नये. चाक फिरतं आणि गाडी जॅकवरून ढकलली जाते. आधी जमिनीवरच प्रत्येक नट अर्धा फेरा सैल करायचा.

गाडीसोबतच्या एल पान्याने सोळापैकी अकरा नट सुटले. चारांना पाईप लावावा लागला. पाईपच्या टोकाशी, म्हणजे साधारण ७५ सेंटीमीटरवर, ३५ किलोच्या आसपास जोर दिल्यावर ते कुरकुरत हलले. हिशेब केला तर अडीचशे एनएमच्या वर. त्यात गंजाचा वाटा असेल, तरी पंक्चरवाल्याच्या एअर गनने घट्ट होईपर्यंत ठोकलेले नट असेच सुटतात. गनला आकडा नसतो, दुकानदाराचं बोट ट्रिगरवर किती वेळ राहिलं एवढंच.

सोळावा नट म्हणजे मागच्या डाव्या चाकातला एक. २१ चा पाना त्याच्यावर गरगर फिरला. गोल झाला असेल म्हणून हात लावून पाहिला तर कोपरे शाबूत. १९ चा सॉकेट फिट बसला. म्हणजे नट मारुतीचा. मारुतीचे नट एम १२ × १.२५, जाडी तीच, आटे बारीक. असा नट १.५ च्या स्टडवर हाताने एक-दीड फेरा चढतो आणि अडकतो. पुढचं काम गनने केलेलं.

तो काढताना पूर्ण वेळ किर्र आवाज, आणि नटासोबत बारीक चकचकीत कीस बाहेर आला. स्टडच्या आट्यात लोखंडाची केसासारखी तार गुंडाळलेली. हा स्टड गेला.

शेजारचा स्टड दिसायला ठीक होता. चांगला नट हाताने चढवला तर पाच फेरे मोकळा, मग जड. आटे मोजायची पट्टी (पिच गेज) १.५ ची लावून उजेडासमोर धरली: टोकाला दाते घट्ट बसतात, मधे फट दिसते. स्टड ताणला गेलाय. तीनच नट खरं काम करत होते, त्यातल्या एकाने जास्तीचा भार खाल्ला असणार. हाही बदलायचा.

दोन तास गेले. एकही चाक उतरलेलं नाही.

रविवार, ९ नोव्हेंबर

सोसायटीच्या पार्किंगमध्ये पेव्हर ब्लॉक आहेत. जॅक थेट त्यावर ठेवला, गाडी तीन इंच उचलली आणि एक ब्लॉक खाली दबून जॅक तिरका झाला. चाक अजून लावलेलंच होतं म्हणून निभावलं. गाडी खाली घेतली, १८ मिलिमीटर प्लायवुडचा फूटभर चौकोनी तुकडा आणला, त्यावर जॅक. नंतर त्रास नाही. उतरवलेलं चाक दर वेळी गाडीच्या पोटाखाली आडवं सरकवून ठेवलं. घोडी (जॅक स्टँड) असेल तर उत्तमच. तिरप्या कोपऱ्यातल्या चाकाला पुढे-मागे विटा. पुढचं चाक उचललं तर गाडी हँडब्रेकवर टिकते, मागचं उचललं तर गिअरवर; दोन्ही कायम लावून ठेवायचे.

पुढचं डावं चाक नट काढल्यावरही हबला, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या गोल भागाला, चिकटलेलं. रिमवर हातोडी मारत बसलो, वीस मिनिटं वाया आणि रिमच्या कडेला एक पोचा. सोपा उपाय नंतर सुचला: चाक परत लावून नट हाताने चढवायचे, एक फेरा सैल ठेवायचे, गाडी जमिनीवर आणायची आणि बाजूने दोन-तीनदा हेलकावा द्यायचा. दुसऱ्या हेलकाव्याला 'टप' करून सुटलं.

आता मुख्य काम. रिम आणि हब एकमेकांना टेकतात त्या दोन्ही गोलांवर गंजाचा खपला बसलेला. नखाने उचलला तर कांद्याच्या सालीसारखा सुटून आला, पण सगळीकडे सारखा नाही. हबच्या खालच्या अर्ध्या भागात जाड, वर जवळजवळ नाही. अशा खपल्यावर चाक आवळलं की ते किंचित वाकडं बसतं. नंतर खपला दबतो, चुरा होऊन निघतो आणि नट आपोआप ढिले. नट आवळून दोन महिन्यांत सैल झाले, ही तक्रार बऱ्याचदा इथली असते. पुढच्या चाकांत अजून एक: हबच्या तोंडावरचा गंज आणि कमी-जास्त आवळलेले नट मिळून डिस्कला किंचित डुगडुग देतात, आणि ती पेडलला कळते.

साफसफाई अशी: आधी तारेचा ब्रश, मग ८० नंबरचा पॉलिश पेपर लाकडी ठोकळ्यावर गुंडाळून, शेवटी १२०. धातू दिसेपर्यंत, धातू खाईपर्यंत नाही. ड्रिलला लावायचा कप ब्रश वेळ वाचवतो पण स्टडच्या मुळाशी पोचत नाही. तिथे जुना टूथब्रश आणि रॉकेल. स्टडचे आटे तारेच्या ब्रशने कोरडे साफ केले, फडक्याने पुसले. तेल नाही.

तेलाचा मुद्दा इथेच लिहितो, कारण प्रत्येक जण 'पुढच्या वेळी सुटायला बरं' म्हणून ग्रीस लावायला सांगतो. पान्यावर दिलेल्या जोरातला मोठा वाटा घर्षणात जातो, चाक दाबून धरायला थोडाच उरतो. कोरड्या स्टडवर १०० एनएम दिले तर एक नट ढोबळमानाने सव्वाचार टन दाबतो. ग्रीस लावून तेच १०० दिले की साडेपाच टनांच्या घरात जातो. पाना तितकाच बोलतो, स्टड मात्र जास्त ताणला जातो. ग्रीस फक्त हबच्या मधल्या बोंडाला, जिथे रिमचं मधलं भोक बसतं, बोटाने पुसट. चाक तिथेच चिकटतं.

रिममधले नट बसायचे शंकूसारखे खड्डे पॉलिश पेपर बोटाला गुंडाळून घासले. मारुतीचा नट जिथे होता त्या खड्ड्यात, नेहमीच्या बैठकीच्या आत, एक वेगळी चकाकती कडी दिसली. नट लहान असल्यामुळे खोल जाऊन बसत होता. खात्रीसाठी चांगल्या नटाच्या शंकूला मार्करची काळी शाई फासली, वाळायच्या आत खड्ड्यात दाबून फिरवला. बाकी तीन खड्ड्यांत पूर्ण गोल उमटला, इथे पाऊणच. रिम बाद. टायरसकट स्टेपनीत टाकलं आणि स्टेपनी मागे डावीकडे घेतली. वळणावरच्या 'टक्' आवाजाचं मूळ बहुधा हेच.

संध्याकाळी हौस. मागचे दोन्ही रिम सिल्व्हर स्प्रेने रंगवले. खड्ड्यांत कागदाच्या गोळ्या कोंबल्या होत्या. उजव्या रिममधल्या गोळ्या वाऱ्याने की कशाने निघाल्या, रंग खड्ड्यांत गेला. 'पातळच तर आहे' म्हणून सोडून दिलं. ही चूक पुढे येते.

पाच तास. रात्री नट हाताने आणि एल पान्याने बेताचे आवळून गाडी उभी ठेवली, चालवली नाही.

बुधवार, १२ नोव्हेंबर

खरेदी. पुण्यात नाना पेठेत गाडी नेऊ नये, लावायला जागा नाही. जुना चांगला नट खिशात घेऊन जावं. काउंटरवर पहिला प्रश्न "जुनी सँट्रो की झिंग?", दुसरा "सॅम्पल आणलंय का?" सॅम्पल असलं की दोन मिनिटांत वस्तू हातात. नट घेताना तिथेच प्रत्येक नट नव्या स्टडवर बोटांनी तळापर्यंत फिरवून घेतला. सातपैकी एक अडकला, तो परत केला. स्टड तीन घेतले, दोन लावायला, एक जवळ ठेवायला. स्टडच्या मुळाशी दाते असतात, त्यांचा घेर जुना स्टड निघाल्यावर व्हर्नियरने जुळवायचा. दाते बारीक निघाले तर स्टड हबमध्ये घट्ट बसत नाही आणि पुढच्या पंक्चरला नटासोबत फिरत राहतो.

टॉर्क पाना (लावलेल्या आकड्याइतका जोर आला की 'क्लिक' करणारा) रविवार पेठेत, बोहरी आळीतून. अर्धा इंची चौकोन, ४० ते २१० एनएम, मुठीने आकडा लावायचा क्लिकवाला. लहान पल्ल्याचा स्वस्त पडतो, पण १०० हा आकडा पल्ल्याच्या अगदी टोकाला येऊ नये. सोबत २१ चा लांब सॉकेट आणि १८ इंची ब्रेकर बार. टॉर्क पान्याने नट सोडवायचे नाहीत, म्हणून बार वेगळा.

बुधवार असल्याने जुन्या बाजारातही चक्कर मारली. १३ इंची, चार स्टडचा, १०० पीसीडीचा (स्टडांच्या मध्यांतून जाणाऱ्या वर्तुळाचा व्यास, मिलिमीटरमध्ये) रिम हवा होता. १२ इंची मारुतीचे ढीगभर, त्यांची पीसीडी ११४.३, उपयोग शून्य. तीन तास.

शनिवार, १५ नोव्हेंबर

स्टडचं काम गॅरेजमध्ये दिलं, ब्रेकचा ड्रम उतरवणं आणि परत लावणं नीट जमलं पाहिजे म्हणून. जुने स्टड तांब्याच्या हातोडीने मागे ठोकून निघाले. नवे आत ओढताना मेकॅनिक गाडीचाच चांगला नट वापरायला निघाला होता; थांबवलं. त्यासाठी बाद झालेला एक नट उलटा लावायचा, खाली वॉशरची थप्पी, वॉशरांमध्ये ग्रीसचा थेंब. स्टड ओढून घेताना नटाचे आटे खराब होतात, तो नट नंतर फेकायचा. स्टडचं डोकं हबला मागून पूर्ण टेकलं की नाही ते आरशाने पाहिलं. एक अर्धा मिलिमीटर बाहेर होता. तसाच राहिला असता तर शंभर किलोमीटरमध्ये आत सरकून नट ढिला पडला असता. परत ओढला. गॅरेजमध्ये अडीच तास, त्यातला एक वाट पाहण्यात.

संध्याकाळी टॉर्क पान्याची परीक्षा. डब्यातल्या कागदावर ±४ टक्के लिहिलंय, पण पाहून घेतलेलं बरं. पान्याचा चौकोन व्हाइसमध्ये घट्ट धरला, दांडा आडवा. पिण्याच्या पाण्याचा २० लिटरचा जार दोरीने मुठीच्या मधोमध टांगला. चौकोनाच्या मध्यापासून दोरीपर्यंत बरोबर ४० सेंटीमीटर. जार दोरीसकट हुक काट्यावर २०.७ किलो. त्याचे ८१ एनएम, पान्याच्या स्वतःच्या वजनाचे जवळपास ३, एकूण ८४. पाना ८० वर लावून जार अलगद सोडला, क्लिक. ८२, ८४, ८६ ला क्लिक. ८८ ला नाही. म्हणजे हा पाना दोन-तीन टक्के लवकर बोलतो. ९० ते ११० च्या पट्ट्यात त्याने काही बिघडत नाही. झटका देऊन जार सोडला तर ९५ लाही क्लिक येतो. झटक्याने पाना ओढू नये, ते इथे नीट दिसलं. एक तास.

रविवार, १६ नोव्हेंबर

आवळण्याचा दिवस. क्रम प्रत्येक चाकाला एकच.

चाक हबवर चढवलं, गुडघ्याने आत दाबून धरलं. चारही नट बोटांनी, जाईल तिथपर्यंत. एकही नट पान्याने सुरू करायचा नाही. तिरका चढला तर बोटाला कळतं, पान्याला नाही. मग एल पान्याने हलक्या हाताने, समोरासमोर: वरचा, खालचा, डावा, उजवा. एक नट पूर्ण आवळून दुसऱ्याकडे गेलं की चाक एका बाजूला खेचून बसतं. जॅक इतका उतरवला की टायर जमिनीला टेकून फिरायचा थांबला, पण सगळं वजन आलेलं नाही. इथे ५० एनएम, त्याच क्रमाने. मग जॅक पूर्ण खाली, १०० एनएम. शेवटी एक फेरी नुसती तपासायची.

पाना डोक्यावर डाव्या हाताने आधार देऊन सॉकेट सरळ ठेवायचा, उजवा हात मुठीच्या मधोमध, ओढ सावकाश. क्लिक एकदा. दुसऱ्यांदा 'खात्रीसाठी' ओढलं की नट थोडा पुढे जातोच.

पुढचं डावं चाक पूर्ण झालं. जोर जरा जास्तच लागतोय असं वाटलं, पण नवा पाना आहे म्हणून दुर्लक्ष. दुसऱ्या चाकाला आकडा लावताना नळीची बाजू फिरली आणि दिसलं की या पान्याच्या नळीवर दोन मापं आहेत, एका बाजूला एनएम, दुसऱ्या बाजूला फूट-पौंड. पहिल्या चाकाला १०० लावले ते फूट-पौंडाच्या बाजूने. म्हणजे जवळपास १३६ एनएम. काल जार टांगताना योग्य बाजू वापरली होती, आज पार्किंगच्या अंधारात उलटी.

चारही नट पूर्ण काढले, स्टडवर नवा नट बोटांनी तळापर्यंत फिरवला, पिच गेज लावली. स्टड ताणलेले नाहीत. पुन्हा पहिल्यापासून. चाळीस मिनिटं. फूट-पौंडाच्या बाजूवर काळी चिकटपट्टी लावून टाकली. ती पान्याच्या आयुष्यभर राहील.

बाकी तीन चाकं सुरळीत. मग प्रत्येक नटाच्या कडेवरून रिमवर उतरणारी व्हाइटनरची एक सरळ रेघ. नट फिरला तर रेघ तुटते, वाकून पाहिलं तरी कळतं. पाना परत ४० वर आणून डब्यात. आकड्यावर ताणलेला ठेवला तर स्प्रिंग सैलावते. अडीच तास.

रविवार, २३ नोव्हेंबर

काल दिवे घाटाने जेजुरी आणि परत, जवळपास १०० किलोमीटर. घाट उतरताना ब्रेक मुद्दाम थोडा जास्त वापरला. आल्या आल्या नटांना हात लावला नाही. ब्रेकने रिम तापलेला असताना माप खोटं येतं. रात्रभर थंड होऊ दिलं, आज सकाळी तपासलं.

पाना १०० वर, प्रत्येक नटाला सावकाश. क्लिक येण्याआधी नट हलला का, एवढंच पाहायचं.

पुढची दोन चाकं: आठही नट जागचे हलले नाहीत.
मागचं डावं: नव्या स्टडांचे दोन नट किंचित, पाच-दहा अंश. अपेक्षित.
मागचं उजवं: चारही हलले, एक तर जवळजवळ पाव फेरा. रेघा आधीच तुटलेल्या दिसत होत्या.

कारण माझा रंग. चाक उतरवलं तर खड्ड्यातला सिल्व्हर दाबाखाली पिळून कडेला गोळा झालेला, नटाच्या शंकूलाही चिकटलेला. चारही खड्डे पेट्रोलच्या फडक्याने आणि पॉलिश पेपरने धातूपर्यंत घासले, नट साफ केले, परत ५० आणि १००. पावडर कोटिंग करून आणलेल्या रिमवरही हेच होतं आणि तो थर जास्त जाड असतो. खड्डे झाकून घ्यायला सांगावं किंवा नंतर खरवडावेत.

ही १०० किलोमीटरनंतरची फेरी टाळली असती तर तो पाव फेरा कळलाच नसता. एक तास.

रविवार, १४ डिसेंबर

आणखी ४०० किलोमीटरनंतर सोळाही रेघा सरळ. वळणावरचा आवाज गेला. पेडलची थरथर बरीच कमी, पण साठवरून जोरात ब्रेक दाबला की अजून जाणवते. डिस्कची जाडी मायक्रोमीटरने मोजायची आहे, ते काम वेगळं.

मधे एकदा खिळा लागला, पुढच्या उजव्या चाकाला. पंक्चरवाल्याकडे आधीच सांगितलं की गन फक्त सोडवायला, चढवायचं मी बघतो. त्याने खांदे उडवले, पण ऐकलं. रस्त्यावर टॉर्क पाना नसेल तर ३० सेंटीमीटरच्या एल पान्यावर साधारण ३४ किलोचा दाब म्हणजे १००. हाताने, वाकून, दमदार दाब. पान्यावर उभं राहिलं की ७० किलोच्या माणसाचे २०० च्या वर होतात. घरी येऊन टॉर्क पाना लावला: अशा हाताने आवळलेल्या चारपैकी तीन नट १०० ला न हलता बोलले, चौथा थोडा फिरला. वाईट नाही. तीन न हललेल्यांपैकी एखादा ११० च्या वर गेला असेल तर क्लिक ते सांगत नाही, म्हणून चारही एकेक करून पाव फेरा सैल केले आणि परत १०० वर आणले.

खर्च, रुपयांत: टॉर्क पाना २,६५०, ब्रेकर बार ४८०, २१ चा सॉकेट २४०, नट सहा, २७०, स्टड तीन, २४०, पिच गेज १८०, गंज सोडवायचा स्प्रे २३०, कप ब्रश १२०, पॉलिश पेपर ६०, गॅरेजची मजुरी ६००, सिल्व्हर स्प्रे २६०, जो घ्यायलाच नको होता. एकूण ५,३३०. वेळ सतरा तास, त्यातले चार चुका निस्तरण्यात. आता सगळं हाताशी असताना चार चाकांना सव्वा तास पुरतो.

राहिलेलं: बाद रिम अजून स्टेपनीत आहे. लागलीच वेळ तर जवळच्या पंक्चर दुकानापर्यंत, तीसच्या वेगाने, त्यापुढे नाही. आज रविवार म्हणून जुन्या बाजारात पुन्हा पाहिलं, एक मिळाला होता, १३ इंची, चार स्टडचा, पीसीडीही बरोबर. पण दोन खड्ड्यांच्या मधे केसाएवढी चीर होती, रंगाखाली लपवलेली. घेतला नाही. येत्या बुधवारी परत.